सीपॅपचा त्रास होतोय? पट्टा आवळण्याआधी हे तपासा

रात्री अकराला मास्क लावून झोपायचं. दोनला जाग येते तेव्हा मास्क उशीखाली सापडतो आणि तो काढला कधी ते आठवत नाही. सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास थांबू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, ते वापरणाऱ्यांकडून ही तक्रार सर्वांत जास्त ऐकायला मिळते. पंधरा-वीस दिवस असं चाललं की मशीन कपाटात जातं. घरचे म्हणतात, ‘त्यांना मानवलं नाही.’ बहुतेक वेळा मशीनही ठीक असतं आणि माणूसही, बिघाड दोघांच्या मधल्या जागेत असतो: मास्कची कड, नळीतलं पाणी, चोंदलेलं नाक.

स्लीप स्टडी (झोपेतल्या श्वासाची तपासणी) होऊन ज्यांचं निदान झालंय आणि प्रेशर डॉक्टरांनी ठरवून दिलंय त्यांच्यासाठी हे लिहिलंय. कोणा नातेवाइकाचं पडून असलेलं मशीन आणून घोरण्यावर परस्पर प्रयोग करणाऱ्यांसाठी नाही. मशीन 4 ते 20 सेंटिमीटर पाण्याइतका दाब देऊ शकतं. प्रत्येकाला लागणारा दाब वेगळा असतो आणि तो अंदाजाने ठरत नाही.

लक्षणं आणि शोधायची जागा

- सकाळी जीभ टाळ्याला चिकटलेली, घसा सुकलेला: तोंडातून हवा जातेय, नाहीतर ओलावा कमी पडतोय.
- डोळे लाल, चुरचुरणारे: मास्कच्या वरच्या कडेतून झोत डोळ्यांत जातोय.
- नाकाच्या हाडावर लाल वळ, पुढे जखम: पट्टे आवळलेत किंवा मास्कचा साइज चुकलाय.
- तासाभरात नाक चोंदणं, सटासट शिंका, नाक गळणं: कोरडी हवा, धूळ किंवा मुळातली अ‍ॅलर्जी.
- नळीत गुडगुड, तोंडावर थंड पाण्याचे थेंब: नळीत वाफेचं पाणी होतंय.
- पोट फुगणं, सकाळी ढेकरांवर ढेकर: हवा अन्ननलिकेत जातेय.
- श्वास सोडताना जड वाटणं, किंवा लावल्या लावल्या गुदमरणं: सुरुवातीचं प्रेशर आणि सोयीची सेटिंग.
- कानाला दडा बसणं.
- सगळं ठीक, आकडेही चांगले, तरी दिवसा पेंग: यासाठी शेवटचा भाग वाचा.

पहिली चार लक्षणं वेगवेगळी वाटतात, पण पुष्कळदा ती एकाच साखळीची कडी असतात. मास्कमधून हवा गळते. ठरलेला दाब टिकवायला मशीन जास्त हवा ढकलतं. ही जास्तीची हवा नाक कोरडं करते, नाकाच्या आतली त्वचा सुजते, नाक चोंदतं. मग तोंड उघडतं आणि गळती आणखी वाढते. वैतागून माणूस पट्टा आवळतो, कुशन दबून वाकडं होतं, नव्या जागी फट पडते. वर नाकावर वळ येतो तो वेगळाच. म्हणून तपासणी गळतीपासून सुरू करायची आणि प्रेशरला सगळ्यात शेवटी हात लावायचा, तोही डॉक्टरांनी.

एक पथ्य पाळा: एका वेळी एकच बदल, आणि त्याला किमान तीन रात्री. आज मास्क, ह्युमिडिफायर (हवेला ओलावा देणारी पाण्याची टाकी) आणि उशी तिन्ही बदललं आणि उद्या बरं वाटलं, तर गुण कशाचा ते कळणार नाही. रोज सकाळी मशीनच्या पडद्यावरचे तीन आकडे वहीत टिपा: किती तास वापरलं, गळती किती, आणि एएचआय किती. एएचआय म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा मंदावला. उपचार चालू असताना हा आकडा 5 च्या खाली असावा.

1. मास्क बसवणं (खर्च: शून्य)

बहुतेक जण पलंगाच्या कडेला बसून, मशीन बंद ठेवून मास्क बसवतात. गोची इथेच होते. आडवं झालं की गाल आणि हनुवटी मागे ओघळतात, चेहऱ्याचा आकार बदलतो. शिवाय हवा चालू नसेल तर कुशन कसं फुगणार आहे ते कळत नाही. सिलिकॉनच्या कुशनला बहुधा दोन पदर असतात. चेहऱ्याला लागणारा पदर पातळ असतो, तो मशीनच्या हवेने फुगून त्वचेला बिलगतो. मागचा जाड पदर नुसता आधाराला असतो. पट्टा आवळला की पातळ पदर जाड पदरावर चेपला जातो, त्याला फुगायला जागाच उरत नाही. घट्ट मास्क जास्त गळतो तो यामुळे.

बसवायची रीत अशी:

आधी साबणाने तोंड धुवा. क्रीम, पावडर, कपाळावर उतरलेलं केसांचं तेल, काहीही राहू देऊ नका. तेलाने कुशन घसरतं आणि सिलिकॉन लवकर मऊ पडतं. रात्री कवळी काढून झोपत असाल तर मास्क बसवतानाही ती काढलेलीच असावी. दुकानात कवळीसकट माप दिलं जातं, रात्री कवळी निघाली की गाल आत जातात, आणि फुल फेस मास्क (नाक-तोंड दोन्ही झाकणारा) खालून गळू लागतो. ज्येष्ठांच्या तक्रारींत हे कारण वारंवार निघतं आणि कोणाच्या लक्षातच येत नाही.

सगळे पट्टे सैल करा. रोजच्या उशीवर, रोज झोपता तसे आडवे व्हा. मशीन चालू करा. रॅम्प (दाब हळूहळू चढवायची सोय) असेल तर तो तेवढ्यापुरता बंद करा, म्हणजे पूर्ण दाबावर गळती कळेल. रेसमेड कंपनीच्या मशीनमध्ये ‘मास्क फिट’ नावाची सोय आहे, ती यासाठीच.

आता मास्क चेहऱ्यापासून समोरच्या दिशेने जेमतेम बोटभर उचला आणि हळूच सोडा. उचलताक्षणी हवेचा फर्रकन आवाज येतो, पातळ पदर फुगतो, आणि सोडल्यावर तो सुरकुती न पडता गालावर बसतो. आवाज एकदम थांबतो. हा थांबलेला आवाज कानात बसवून ठेवा, रात्री जाग आली तर अंधारातही याच खुणेवर मास्क पुन्हा बसवता येतो.

मग दोन्ही बाजूंचे पट्टे एकाच वेळी, थोडे थोडे ओढा. हवा निसटायची थांबली की हात थांबवा. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. उजव्या-डाव्या कुशीवर वळून पाहा. वळल्यावर उशी मास्कला ढकलत असेल तर मास्क उशीच्या कडेबाहेर राहील असं डोकं ठेवा. शेवटी पट्टा जिथे थांबला तिथे पेनाने खूण करून ठेवा, धुतल्यावर पुन्हा शोधाशोध नको.

मास्कच्या पुढच्या बारीक भोकांतून येणारी हवा ही गळती नाही. आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर जातो. ती भोकं चिकटपट्टीने बुजवणारे महाभाग भेटतात. असं कधीही करू नका. आठवड्यातून एकदा मास्क उजेडात धरून भोकं मोकळी आहेत ना ते पाहा.

गळतीच्या आकड्याबद्दल: रेसमेडच्या मशीनवर 24 लिटर प्रति मिनिटच्या वर सतत आकडा दिसत असेल तर ती जास्त गळती. काही कंपन्या भोकांतून मुद्दाम सोडलेली हवाही त्यात धरतात, त्यामुळे एका मशीनचा आकडा दुसऱ्याशी ताडून घाबरून जाऊ नका. आपल्याच मशीनचा कल बघा.

सीपॅपचा शोध लागला तेव्हापासून मास्क हीच दुखरी जागा आहे. 1981 साली ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी ही उपचारपद्धत पहिल्यांदा प्रसिद्ध केली, तेव्हाचे मास्क रुग्णाच्या नाकावर रोज रात्री चिकटवावे लागत. त्या मानाने आजचे दोन पट्टे सुखाचेच.

2. फिल्टर, नळी आणि मशीनची जागा

मशीन खोलीतलीच हवा ओढतं. उशाशी मच्छर अगरबत्ती, लिक्विडचं मशीन किंवा धूपदाणी असेल तर तोच धूर दाबाने तुमच्या नाकात जातो. नाक गळण्याच्या निम्म्या तक्रारी मशीनची जागा बदलल्यावर कमी होतात, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही. मशीन पडद्याला टेकून नको, जमिनीवरही नको. पलंगाच्या उंचीपेक्षा थोडं खाली असलेलं स्टूल उत्तम.

फिल्टर दर आठवड्याला काढून पाहा. पांढरा कागदी फिल्टर धुवायचा नसतो. धुतला की त्याचे तंतू फाकतात, मग तो फक्त दिसायला फिल्टर उरतो. करडा पडला की बदला. कंपनीच्या पुस्तिकेत सहा महिने लिहिलेलं असलं तरी रस्त्यालगतच्या घरात, किंवा शेजारी बांधकाम चालू असेल तर महिन्या-दोन महिन्यांतच तो काळवंडतो. स्पंजचा फिल्टर असेल तर तो मात्र धुता येतो. पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका.

नळी तपासायला मशीन चालू करून मास्कचं टोक तळहाताने काही क्षण दाबून धरा आणि दुसरा ओला हात नळीवरून फिरवा. चीर बहुधा टोकाच्या रबरी भागाजवळ असते, जिथे नळी रोज वाकते. ह्युमिडिफायरच्या टाकीची सिलिकॉनची कडी नीट बसली नसेल तर तिथूनही शिट्टीसारखा आवाज येतो.

मास्कचं कुशन रोज सकाळी, टाकी रोज रिकामी करून, नळी आणि पट्टे आठवड्यातून एकदा, हे सगळं कोमट पाणी आणि सौम्य साबणाने हातानेच धुवा. सावलीत वाळवा, उन्हाने सिलिकॉन आणि नळी कडक होतात. ब्लीच, स्पिरिट, डेटॉल यांतलं काही नको. ओझोन सोडणाऱ्या ‘सॅनिटायझर’ डब्यांच्या नादी लागू नका. अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने 2020 मध्ये त्यांच्याबद्दल सावध केलं आहे. 2021 च्या जून महिन्यात फिलिप्सने आपली अनेक मशीनं परत बोलावली, कारण आतला आवाज शोषणारा फोम झिजून त्याचे कण हवेत येण्याचा धोका होता, आणि ओझोनने तो फोम लवकर झिजतो. जुनं किंवा सेकंडहँड मशीन असेल तर त्याचा सिरियल नंबर कंपनीकडे तपासून घ्या. नळीत काळे कण दिसले तर त्या रात्रीपासून ते मशीन बंद, आणि डॉक्टरांना फोन.

3. पाणी आणि ओलावा

टाकीत डिस्टिल्ड वॉटर घाला. ते औषधाच्या दुकानातून आणा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं म्हणून गॅरेजवाला देतो ते श्वासासाठी बनवलेलं नसतं. रात्री अचानक संपलं तर आरओचं पाणी उकळून, गार करून एक-दोन दिवस चालून जातं. बोअरचं पाणी एका रात्रीतही नको, टाकीच्या तळाच्या धातूच्या पत्र्यावर पांढरा थर धरतो आणि मग पाणी नीट तापत नाही. थर धरलाच असेल तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दहा भाग पाणी टाकीत घालून थोडा वेळ ठेवा, मग स्वच्छ पाण्याने खळखळून धुवा.

रोज सकाळी उरलेलं पाणी ओतून द्या, त्यात नवं मिसळू नका. ‘कमाल’ रेषेच्या वर भरू नका. पाणी भरलेलं मशीन उचलून नेऊ नका, पाणी मोटरीत जातं. टाकीत विक्स, निलगिरीचं तेल, ओव्याचा अर्क वगैरे घालायचं नाही. नाकात साजूक तूप किंवा खोबरेल सोडायची सवय असेल तर तीही मशीन लावण्याआधी नको. तेलकट कण श्वासाबरोबर फुप्फुसात उतरू शकतात आणि तिथे ते सूज धरवतात.

आता ओलावा किती ठेवायचा? ठरावीक आकडा सांगता येत नाही, कारण तो तुमच्या खोलीवर ठरतो. पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात खिडकी उघडी ठेवून झोपणाऱ्याला ह्युमिडिफायर 1 वर ठेवला तरी पुरतो, काहींना तो लागतही नाही. त्याच घरात एसी लावला की हवा कोरडी होते आणि 4-5 लागतो. नागपूर-अकोल्याकडे उन्हाळ्यात कूलर चालू असेल तर खोलीत आधीच ओल असते, कूलर बंद केला की घसा सुकतो. सुरुवात मधल्या आकड्यावर करा. घसा, नाक कोरडं वाटलं तर एकेक आकडा वर जा. नळीत पाणी दिसलं तर एकेक खाली या.

नळीत पाणी का होतं ते समजलं की उपाय आपोआप सुचतात. टाकीतून गरम, ओली हवा निघते. नळीची भिंत थंड असली की वाफेचे थेंब होतात, थंडीत काचेवर होतात तसेच. नाशिक-पुण्याच्या डिसेंबरमध्ये, किंवा एसीचा झोत थेट नळीवर येत असेल तर हे हमखास होतं. उपाय स्वस्तापासून: मशीन डोक्यापेक्षा खाली ठेवा, म्हणजे थेंब परत टाकीकडे जातील. नळी पांघरुणाखालून घ्या. नळीवर जुन्या साडीची किंवा सुती कापडाची पिशवीसारखी खोळ शिवून चढवा, चेनवाली विकतही मिळते. एसीचा पंखा दुसऱ्या दिशेला वळवा. एवढ्याने भागलं नाही तरच ओलावा कमी करा. त्यानंतरही घसा सुकत असेल तर तापणारी नळी घेण्याचा विचार करा. ती आतली हवा शेवटपर्यंत गरम ठेवते, त्यामुळे ओलावा जास्त ठेवूनही थेंब होत नाहीत. ती मशीनच्या कंपनीची आणि मॉडेलचीच लागते, कोणतीही चालत नाही.

4. नाक

नाक बंद असेल तर वरचं सगळं करूनही रात्र वाया जाते. झोपण्याआधी मिठाच्या पाण्याचा, म्हणजे सलाइनचा स्प्रे दोन्ही नाकपुड्यांत मारा. स्वस्त आहे, रोज वापरला तरी चालतो. आठवडाभर करूनही नाक उघडत नसेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. अ‍ॅलर्जी असेल तर ते स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे देतात. त्याचा गुण यायला काही दिवस लागतात, पहिल्या रात्री फरक दिसला नाही म्हणून सोडू नका.

नाक झटकन उघडणारे थेंब, ऑट्रिव्हिन किंवा नॅसिव्हिऑनसारखे, तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरू नका. त्यांचा असर उतरला की नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदतं, मग पुन्हा थेंब, पुन्हा चोंदणं. या चक्रात अडकलेले अनेक जण सीपॅपला दोष देत असतात.

कानाला दडा बसत असेल तरी मूळ बहुतेकदा नाकातच असतं. कान दुखत असेल, वाहत असेल, ताप असेल तर मात्र दडा समजून अंगावर काढू नका.

5. गुदमरणं आणि श्वास सोडायला जड जाणं

इथे लोक उलटा विचार करतात. गुदमरतंय म्हणजे प्रेशर जास्त आहे, असं वाटतं. पुष्कळदा ते कमी असतं. रॅम्प म्हणजे मशीन कमी दाबावर सुरू होऊन हळूहळू ठरलेल्या दाबावर जातं. सुरुवात 4 वर असेल तर धिप्पाड माणसाला मास्कमध्ये हवाच पुरेशी येत नाही असं वाटतं आणि पाच मिनिटांत मास्क निघतो. असं होत असेल तर आधी रॅम्प बंद करून किंवा कमी मिनिटांचा करून पाहा. फरक पडला तर सुरुवातीचा दाब 5-6 करायला सांगा, हा आकडा बहुधा डॉक्टर किंवा टेक्निशियनच्या सेटिंगमध्ये असतो.

दाबाची भीती वाटणाऱ्यांसाठी: 10 प्रेशर म्हणजे दहा सेंटिमीटर पाणी भरलेल्या पेल्याच्या तळावर पाण्याचा जेवढा भार, तेवढंच. फुप्फुस फुटेल असा हा आकडा नाही.

श्वास सोडतानाच जड वाटत असेल तर मशीनमध्ये त्याची सोय असते. रेसमेडमध्ये तिला ईपीआर म्हणतात, 1 ते 3 पर्यंत. 3 ठेवलं तर श्वास सोडताना दाब तीनने उतरतो. 1 पासून सुरू करा आणि पुढचे तीन-चार दिवस एएचआयकडे लक्ष ठेवा. आराम वाटतोय पण एएचआय चढतोय असं दिसलं तर परत खाली या आणि डॉक्टरांना कळवा.

मास्क तोंडाजवळ आला तरी छातीत धडधडत असेल तर हा सेटिंगचा प्रश्न नाही, सवयीचा आहे. रात्री जबरदस्ती करू नका. दिवसा, टीव्ही बघताना, नळी न लावता मास्क नुसता हाताने तोंडावर धरा, पाच मिनिटं. दोन-तीन दिवसांनी पट्टे लावून. मग मशीन चालू करून पण मास्क हातात धरून, कधीही काढता येईल असा. मग पट्ट्यासकट पंधरा-वीस मिनिटं. मग दुपारच्या डुलकीत, आणि शेवटी रात्री. एखाद्या पायरीला घाबरायला झालं तर एक पायरी मागे या. घरच्यांनी ‘एवढं काय त्यात’ म्हणायचं नाही, हे त्यांच्यासाठी.

6. पोट फुगणं

हवा गिळली जाते. बंद नाक आणि तोंडाची गळती ही साधी कारणं आधी काढून टाका. रात्रीचं जेवण आणि झोप यांत किमान दोन-तीन तास जाऊ द्या. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून तो थोडा उंच करा, नुसत्या दोन उशा घेतल्या तर मान मुडपते आणि श्वासमार्ग आणखी अरुंद होतो. डाव्या कुशीवर झोपून पाहा. ईपीआर एकने वाढवा. एवढ्यानंतरही सकाळी पोट टम्म असेल तर प्रेशर जास्त पडतंय का, किंवा छातीत आंबट येण्याचा मूळ आजार आहे का, हे डॉक्टरच बघतील.

7. तोंड उघडं राहणं

नाक मोकळं आहे, ओलावा ठीक आहे, तरी तोंड सुकतंय आणि रात्री ओठांतून फुरफुर आवाज येतो असं घरचे सांगतात. हनुवटीचा पट्टा लावून पाहा, पण फार आशा ठेवू नका: तो जबडा धरतो, ओठ नाही. मग फुल फेस मास्क. तोंडाला चिकटपट्टी लावायचे व्हिडिओ फिरतात. नाक बंद पडलं किंवा उलटी आली तर काय, याचा विचार करा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

8. आता पैसे खर्चायची वेळ

पूर्ण मास्क घेण्याआधी नुसतं कुशन बदलून पाहा, ते वेगळं मिळतं. महिन्या-तीन महिन्यांत सिलिकॉन मऊ, पिवळट, चिकट पडतं. झोपताना नीट बसणारा मास्क पहाटे गळायला लागतो, ही कुशन संपल्याची खूण. पट्ट्याची लवचीकता साधारण सहा महिन्यांत जाते, मग तो दर आठवड्याला जास्त आवळावा लागतो.

मास्कचा प्रकार बदलायचा तर: नाकाच्या हाडावर जखम होत असेल किंवा चष्मा लावून वाचत झोपायचं असेल तर नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क. मात्र जास्त प्रेशरवर तो नाकपुड्यांना टोचतो. तोंडाने श्वास घेणाऱ्याला फुल फेस. दाढीवर कुठलाच मोठा मास्क पूर्ण बसत नाही, दाढी ठेवायचीच असेल तर नाकपुड्यांचाच बरा. जखम झालेलीच असेल तर ती भरेपर्यंत मास्कचा प्रकार बदला, त्यावर व्हॅसलीन लावून तोच मास्क चढवू नका.

चुंबकाच्या क्लिपा असलेला मास्क घेताना सांभाळा. पेसमेकर, डोक्यातली क्लिप, कानातलं इम्प्लांट अशी वस्तू तुमच्या किंवा शेजारी झोपणाऱ्याच्या अंगात असेल तर चुंबक तिच्यापासून किमान 15 सेंटिमीटर दूर राहायला हवा. त्यापेक्षा बिनचुंबकाचा मास्क घ्या.

वीज जाणाऱ्या गावात: मशीन स्वतः कमी वीज खातं, खरी खाते ती ह्युमिडिफायर आणि तापणारी नळी. इन्व्हर्टरवर चालवताना हे दोन्ही बंद करा, बॅकअप कितीतरी वाढतो. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा हवा.

इथे थांबा

खालीलपैकी काही दिसलं तर घरगुती उपाय बंद.

छातीत दुखणं, अचानक दम लागणं, चक्कर येऊन पडणं: मशीन काढा, 108 ला फोन.

डोक्याला मार लागल्यानंतर किंवा नाकाच्या, मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव, जबर डोकेदुखी, मान आखडणं: मशीन बंद, लगेच रुग्णालय. या रुग्णांनी सर्जनच्या परवानगीशिवाय सीपॅप पुन्हा सुरू करायचा नसतो.

नाकातून वारंवार किंवा न थांबणारं रक्त. दोन आठवड्यांत न भरणारी नाकावरची जखम.

अ‍ॅडॉप्टर हात लावता येणार नाही इतका तापणं, जळका वास, मोटरीचा घरघराट: प्लग काढा. मशीन स्वतः उघडू नका, आणि मोहल्ल्यातल्या मिक्सर दुरुस्तीवाल्याकडेही नेऊ नका.

आणि ती शेवटची तक्रार. गळती कमी आहे, सहा-सात तास वापर आहे, तरी एएचआय आठवडा-दोन आठवडे 5 च्या वर राहतोय, किंवा एएचआय चांगला असूनही दिवसा पेंग येते. काही लोकांत उपचार सुरू झाल्यावर वेगळ्या प्रकारचे थांबे दिसू लागतात: मार्ग मोकळा असतो, पण मेंदूच श्वासाचा आदेश देत नाही. मशीन असे थांबे वेगळे मोजतं. प्रेशर वाढवून ते जात नाहीत, उलट वाढू शकतात. यूट्यूब बघून डॉक्टरांच्या मेनूत शिरणारे नेमकी हीच चूक करतात. यावर वेगळं मशीन लागू शकतं, आणि हृदय कमजोर असलेल्यांना त्यातलं एक प्रकारचं मशीन अपायकारक ठरल्याचं 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं आहे. म्हणून निवड तज्ज्ञांचीच. वजन खूप वाढलं-घटलं असेल, झोपेची गोळी किंवा दारू सुरू झाली असेल, थायरॉइडची तपासणी बरीच वर्षं झाली नसेल तर तेही सांगा. पेंग जात नाही तोवर गाडी चालवू नका.

भेटीला जाताना मशीन, अ‍ॅडॉप्टर, नळी, रोजचाच मास्क (धुतलेला नवा जोड नव्हे), मेमरी कार्ड आणि ती वही सोबत न्या. मास्क लावून पाहण्यासाठी तिथल्या पलंगावर आडवं व्हायला सांगितलं तर लाजू नका. कोणी सांगितलं नाही तर स्वतःहून म्हणा.